शिंगांना तेल लावलेला बेंजो

"अरे ओ काकाजी! दात मत गिनो उसके! बेंजो है, बैल नहीं है!"

गोंदियाच्या बाजारातला तो सेठ असा काही ओरडला की समोरच्या भांडीवाल्याकडची एक परात आपोआप घरंगळून रस्त्यावर आली आणि आमगावच्या दिशेनं निघून गेली. आमचे लटारू काकाजी मात्र जागचे हलले नाहीत. दुकानाच्या पायरीवर उकिडवे बसून, बेंजो मांडीवर आडवा घेऊन, ते त्याच्या पट्टीखाली बोट घालून एकेक बटण वर उचलून पाहत होते. बैलाचा जबडा उघडून पाहतात ना, अगदी तसं.

"बैल नाई ते मले दिसते, सेठ," काकाजी म्हणाले. "पन दात त आहेत ना? मंग पाहू काऊन नोको?"

मी त्यांच्या मागे उभा होतो. कार्तिकातल्या गारव्यातही सदरा घामानं पाठीला चिकटला होता. सेठनं आता आम्हाला हाकललं असतं तर सगळ्या गोंदियात बेंजो ठेवणारं दुसरं दुकान नव्हतं. बेंजो मिळाला नाही तर मंडईत माझी नाचक्की होणार होती. आणि नाचक्की झाली की सगुणा गिरणीवाल्यांच्या घरी जाणार होती. माझा सगळा संसार काकाजींच्या त्या एका बोटावर लोंबकळत होता, आणि ते बोट बेंजोच्या तोंडात होतं.

दिवाळी सरली, हलक्या धानाची कापणी उरकली, धानाच्या बांध्यांमध्ये ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, गोडसर वास दाटून राहिला की दरवर्षी मला सेठची ती आरोळी ऐकू येते. आता मी म्हातारा झालो आहे. एका कानानं कमी ऐकू येतं. पण ही आरोळी नेमकी त्याच कानात येते. आजही अंगणात बसलो आहे. शेजारच्या गावी मंडई आहे, भोंग्यातून कुठल्याशा विजेच्या पेटीचे सूर येताहेत. एका बोटानं ढोलक, दुसऱ्या बोटानं सनई, तिसऱ्या बोटानं पाऊस. त्या पेटीला खुंट्या नाहीत. म्हणजे तिच्या वाजवणाऱ्याला भीती ठाऊकच नाही. मला तर अजूनही कार्तिकाची हवा लागली की डाव्या हाताची बोटं आखडतात.

मंडई माहीत नसेल तर सांगतो. आमच्या या झाडीच्या मुलखात भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई लागते. दुपारी बाजार भरतो, मोकळ्या जागेत दंडार नाचते, पुरुषच बाया होऊन नाचतात, लेकी-जावई माहेरी येतात. आणि या सगळ्या गर्दीत, मुरमुरे खाता खाता, सोयरिकी जुळतात. पोरीचा बाप मंडई पाहायला म्हणून येतो आणि पोरगा पाहून जातो. कोणी कोणाला काही विचारत नाही, म्हणून कोणाचा अपमानही होत नाही. फार शहाणी पद्धत आहे. फक्त पोरग्याचा जीव जातो.

तेव्हा देश नुकता स्वतंत्र झाला होता. गोंदियाचा जिल्हा व्हायला अजून जन्मभराचा अवकाश होता, आम्ही सगळे भंडाऱ्यातच मोडत होतो. सालेकशापासून कोसभर आत, जंगलाला टेकून आमचं गाव. वाघ रात्री येऊन पाटलाच्या ओट्यावर बसायचा आणि पाटील त्याला सरकून जागा द्यायचा. बरं, ओट्यावर नाही, ओट्याजवळ. बरं, वाघ नाही, तरस असेल. आमच्या घराण्यात खोटं कोणी बोलत नाही. खऱ्याला जरा खतपाणी घालतो, इतकंच.

आणि त्याच खतपाण्यातून हे सगळं उगवलं होतं. माझी आत्याबाई फत्तूजींच्या गावी दिलेली. फत्तूजी म्हणजे सगुणाचे वडील. मोठे धानवाले, आणि जीभ वर्षातून चारदा वापरणारे. सगुणाला मी सालेकशाच्या बाजारात पाहिलं होतं. एका कासाराशी ती बांगड्यांवरून भांडत होती, आणि तिनं त्याला असं गप्प केलं की तो बिचारा पुढचे दोन बाजार मुकाच राहिला. तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. आत्याबाईनं माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि गावी परतून फत्तूजींच्या ओट्यावर बसून सांगून टाकलं, "आमचा पोट्टा बेंजो वाजवते."

"तू असं काऊन सांगतलं वो आत्याबाई?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"मंग काय सांगू? धान कापते? धान त बैलही तुडवते! गिरणीवाल्याचं स्थळ आलं हाय तिले. गिरणीसमोर काहीतरी दनदनीत नोको?"

"पन बेंजोच काऊन?"

तेव्हा आत्याबाईनं डोळे बारीक केले. "पेटी सांगतली असती त कोनीबी पेटी पुढं ढकलून म्हनला असता, वाजव. त्या गावात बेंजो कोनाकडे हाय? पाह्यला कोनं? म्याच त एकदा गोंदियाच्या टेसनावर पाह्यला."

डाव पक्का होता. फक्त फत्तूजींनी एवढंच म्हटलं होतं, "बरं. तुमच्या मंडईले येतो. पाहून घेतो." बस. तेवढ्यानं आमच्या घरातल्या सगळ्यांची झोप उडाली, आणि भल्या पहाटेच्या गाडीनं मी आणि काकाजी गोंदियाला येऊन त्या पायरीवर थडकलो.

काकाजींना बेंजोतलं काय कळत होतं? काही नाही. पण बैलातलं त्यांना इतकं कळायचं की सडक अर्जुनीपलीकडून लोक त्यांना बाजारात न्यायला यायचे. बैल पाहताना ते बोलत नसत. बैलच त्यांना सगळं सांगून टाकायचा: कुठं दुखतं, मालक कसा होता, मागच्या उन्हाळ्यात काय खाल्लं. आमच्या कोठ्यातली, म्हणजे गोठ्यातली जोडी, लाल्या आणि कोसा, त्यांनी वासरं असताना आणली होती. त्या जोडीची शिंगं ते रोज संध्याकाळी जवसाच्या तेलानं चोळत. संध्याकाळच्या उन्हात ती अशी चमकत की आगगाडीचा ड्रायव्हर सिग्नल समजून गाडी थांबवी.

सेठकडे दोन बेंजो होते. एक हलका, चकचकीत, त्यावर रंगीत फुलं काढलेली. जपानी आहे, सेठ म्हणाला. दुसरा काळपट, जड, इथंच कुठंतरी बनलेला, लाकडी खुंट्यांचा. मला अर्थातच फुलांचा हवा होता. नीट वाजलं नाही तरी फत्तूजींना दिसायला तरी काही असावं!

"नोको," काकाजी म्हणाले. "रंग पाहून बैल घेतला त नांगराले काय रंग लावशील?"

मग त्यांनी दोन्हींची परीक्षा मांडली. आधी खोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कान लावून. फुलांचा बेंजो मध्येच एका जागी वेगळा बोलला. "पोटात काही हाय. फुगलं हाय," काकाजी म्हणाले. सेठ म्हणाला, तिथं सांधा आहे. "तेच म्हनतो मी," काकाजी म्हणाले. मग एका डोळ्यानं लांबीकडे पाहिलं, पाठ वाकडी तर नाही. मग दात. प्रत्येक बटण दाबायचं आणि सोडायचं. काळ्याचं प्रत्येक बटण दाबलं की टुणकन वर येत होतं. फुलवाल्याची दोन बटणं मात्र झोपेतून उठल्यासारखी सावकाश वर आली.

"हे लंगडते," काकाजींनी फैसला दिला.

आज मागे वळून पाहताना वाटतं, पहिला बेंजो घेणाऱ्याला यापेक्षा वेगळं कोणी काय सांगणार? खोका सगळीकडे सारखा बोलतो का पाहा, पाठ सरळ आहे का पाहा, दाबलेलं बटण लगेच वर येतं का पाहा, आणि फुलांकडे पाहू नका. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की सेठच्या कपाळावरची शीर ताडताड उडते आहे. त्यात काकाजींनी भाव करायला म्हणून सवयीनं खांद्यावरचा शेला सेठच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच करतात, शेल्याखाली, बोटांनी, म्हणजे तिऱ्हाइताला कळत नाही. सेठला ते कुठलं ठाऊक! "बचाओ!" म्हणून तो असा किंचाळला की बाजारात दोन पोलीस आणि एक हलवाई धावून आले.

शेवटी काळा बेंजो आमचा झाला. सेठनं घाईघाईनं मला त्याची ओळख करून दिली, म्हणजे आम्ही लवकर जावं. हा खोका, यात आवाज घुमतो. ही घोडी, हिच्यावर तारा टेकतात. ही सरकवायची नाही. या तारा. मधल्या दोन एकाच सुरात लावायच्या, त्यांच्यावर बटणं चालतात. बटण दाबलं की त्याच्या खालची पत्र्याची जीभ तारेवर बसते, तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. बाजूच्या तारांना बटणं शिवतच नाहीत. त्या आपल्या एकच सूर धरून घुमत राहतात. डाव्या हातानं बटणं, उजव्या हातात ही नखी, तिनं तारा छेडायच्या. आणि या डावीकडच्या खुंट्या. पिळल्या की तार चढते, सोडल्या की उतरते.

"और खुंटी का खयाल रखना," सेठ म्हणाला. "खुंटी ढीली तो सब ढीला."

हे वाक्य काकाजींनी मनावर घेतलं. परतीच्या गाडीत त्यांनी बेंजो दोन गुडघ्यांमध्ये उभा धरला आणि त्याच्या तोंडावर शेला टाकला.

"काऊन काकाजी?"

"यानं वाट पाहून ठेवली त सेठकडे परत जाईल," ते म्हणाले. हसले नाहीत. ते हसायचेच नाहीत, त्यामुळे ते थट्टा करताहेत की खरंच सांगताहेत ते मला जन्मभर कळलं नाही.

घरी पोचलो तर मंडईपर्यंत माहेरी राहायला आलेली आत्याबाई दारात ताट घेऊन उभी. नवा बैल दारात आला की आमच्याकडे त्याच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, शिंगांना तेल लावतात, मगच त्याला आत घेतात. बेंजोला खाली चार छोटे लाकडी पाय होते. पाणी तिथं पडलं. कुंकू पहिल्या बटणाला लागलं. आणि शिंगं? आत्याबाईनं बेंजो सगळीकडून फिरवून पाहिला. शिंगासारखं त्याला एकच काय ते होतं. तिनं जवसाच्या तेलात बोटं बुडवली आणि खुंट्या चोपडल्या. वरून, खालून, मुळातून.

मी पाहत होतो. काकाजी पाहत होते. अंगणातलं अर्धं गाव पाहत होतं. कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मला तर तो सोहळा पाहून भरूनच आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझा छळ सुरू झाला. सकाळी कापणी, दुपारी खळ्यावर पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचायचे, आणि मग तणसावर बसून बेंजो. तार लावायची, नखी मारायची, तार खाली. पुन्हा पिळायची, दुसरी लावायची, तोवर पहिली उतरलेली. तिसरीकडे वळलो की पहिल्या दोघी एकमेकींशी भांडायला लागायच्या. मला वाटायचं, दोष माझ्या कानाचा. मग वाटायचं, दोष हाताचा. मग वाटायचं, माझ्या नशिबाचा. खळ्यावर धान तुडवणारा कोसा माझ्या पहिल्या झंकारालाच थांबायचा आणि माझ्याकडे असा पाहायचा की मीच मान खाली घालायचो. त्या हंगामात आमच्या खळ्यावर एकही चिमणी दाणे टिपायला आली नाही. गावातल्या लोकांनी येऊन सांगितलं की बेंजो असाच ठेवा, राखणदाराची गरज उरली नाही.

बोटांना चिरा पडल्या. हळद लावून पुन्हा बसायचो. एक गवळण, तिची एकच चाल, एवढंच मला शिकायचं होतं. बटणं हळूहळू जमायला लागली होती, तेच वाईट होतं. डोळे मिटून मला पुढचं बटण सापडायचं. ढोलकी वाजवणारा बिसन शेजारी बसून ठेका द्यायचा आणि म्हणायचा, "बोटं बराबर चालून राहिली बावा, पन सूर कोटी जाऊन राहिला?" सूर कुठं जातो तेच तर मलाही कळत नव्हतं. मंडई जवळ येत होती. अंगणातल्या बाया माझ्यासमोर आवाज खाली करत. आईनं मला दोनदा जास्त भात वाढला. पोरगं आजारी असलं की ती वाढायची तसा. गिरणीवाल्यांनी म्हणे फत्तूजींकडे तांदळाचं नवं पोतं पाठवलं होतं.

एकदा संध्याकाळी मी खळ्यावरून जरा लवकर घरी आलो. कोठ्याच्या दाराशी काकाजी लाल्याच्या शिंगांना तेल चोळत होते. आणि ओसरीवर आत्याबाई त्याच वाटीतलं तेल घेऊन बसली होती. मांडीवर बेंजो.

"आत्याबाई! हे काय करून राहिली?"

"रोजच करतो ना बापा," ती प्रेमानं म्हणाली. "मंडईपर्यंत चमकले पाह्यजे."

मी तिच्या मांडीवरचा बेंजो उचलून घेतला. खुंटी लाकडाची. ती लाकडाच्या भोकात घट्ट बसते, लाकूड लाकडाला धरतं, म्हणून तार टिकते. आणि ही बाई पहिल्या दिवसापासून त्या धरण्यालाच तेल पाजत होती. रागावू तरी कोणावर? तिनं तर जोडीच्या बैलांसारखंच त्याला लेकरू मानलं होतं. काकाजी आले, त्यांनी खुंटी दोन बोटांनी फिरवली. ती अशी फिरली की तीन गिरक्या घेऊन परत पहिल्या जागी. त्यांनी बोटं धोतराला पुसली आणि चुलीकडे पाहिलं.

"राख लावू," ते म्हणाले.

राख लावली. खडू कुटून लावला. खुंट्या काढून उन्हात ठेवल्या, तव्यावर शेकल्या. काही नाही. लाकडानं जेवढं तेल पिऊन घेतलं होतं तेवढं ते सावकाश, थेंबाथेंबानं परत देत होतं. नव्या खुंट्या करायला सुताराला वेळ नव्हता; तोच तर दंडारीत राणी होणार होता आणि त्याचे पाठ चालले होते.

आणि मंडईचा दिवस उजाडला.

सकाळपासून मी एका जागी बसलो नव्हतो. दुकानं लागत होती, जिलेबीचा धूर उठत होता, बैलगाड्या येत होत्या. प्रत्येक गाडीचं घुंगरू वाजलं की मी धावत रस्त्यावर जाऊन पाहून यायचो. फत्तूजी आल्याचं मला कळलंच नाही. ते एकदम घराच्या मागच्या बाजूनं येताना दिसले, एकटेच, धोतराला तणस चिकटलेलं. लोटा घेऊन गेले असतील असं मी समजलो आणि लाजून दुसरीकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, यावर मी, बिसन आणि आत्याबाई दुपारपर्यंत वाद घालत होतो.

दुपारी दंडार उभी राहिली. पाटलाच्या समोर घोंगडी टाकली, तिच्यावर फत्तूजी. त्यांच्या मागे बायांची गर्दी, आणि त्या गर्दीत कुठंतरी सगुणा. मी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोटं चुकली असती. बेंजो पुढं घेतला. तारा मी सकाळपासून शंभरदा लावल्या होत्या, आताही लावल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिली खुंटी हळूच, अगदी आळस दिल्यासारखी, मागे फिरायला लागली.

बिसननं ढोलकीवर थाप मारली. सुतार राणी होऊन पुढं आला. माझी वेळ झाली.

तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी धपकन बसलं. लटारू काकाजी. फेटा काढून बाजूला ठेवलेला, बाह्या दंडापर्यंत सारलेल्या.

"तू दात सांभाळ," ते म्हणाले. "शिंगं मी धरतो."

आणि त्यांनी धरली. दोन्ही पंजांत मावतील तेवढ्या खुंट्या त्यांनी मुठीत पकडल्या, मारका बैल आवरतात तशा. एक उरली, ती वाकून दातात धरली. मी नखी मारली. आणि काय सांगू, तो काळा बेंजो त्या खळ्यावरच्या सगळ्या दिवसांत जे कधी बोलला नव्हता ते बोलला. बाजूच्या तारा घुमल्या, मधल्या दोन तारा एका आवाजात बोलल्या, आणि माझी बोटं आपापल्या बटणांवर धावत सुटली. सूर उतरतोसा वाटला की मी डाव्या गुडघ्यानं काकाजींना ढुशी द्यायचो, ते मूठभर खुंट्या किंचित पिळायचे. कधी जास्त पिळायचे, तेव्हा सूर असा वर उडायचा की राणी दचकून दोन पावलं मागे जायची. लोकांना वाटायचं, नाचातच आहे. काकाजींच्या मानेच्या शिरा दोराएवढ्या झाल्या. घाम त्यांच्या हनुवटीवरून बेंजोच्या खोक्यात ठिबकत होता. मुठीतल्या खुंट्या तेलानं निसटायच्या, ते त्या पुन्हा धरायचे. त्यांचे हात थरथरायला लागले, त्यांच्याबरोबर तारा थरथरल्या, आणि त्या थरथरीनं गवळणीत असा काही कंप आला की पाटलाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मी चाल संपवली. नखी खाली ठेवली. काकाजींनी मुठी सोडल्या आणि सगळ्या तारा एकदम सैल पडून, दिवसभर राबलेल्या माणसानं सुस्कारा सोडावा तसा एक आवाज झाला. मग अशी टाळ्यांची गडगड उठली की दरेकशाच्या डोंगरातून ती परत आली आणि लोकांनी पुन्हा एकदा ऐकली.

मी घोंगडीकडे पाहिलं. फत्तूजी उठले होते. धोतर झटकलं, चपला शोधल्या, आणि एक शब्द न बोलता गाडीकडे निघून गेले.

ती संध्याकाळ मला अजून आठवते. जिलेबीवाल्यानं कढई उतरवली, बाया टोपल्या डोक्यावर घेऊन वळल्या, तुडवलेल्या मैदानावर धूळ हळूहळू खाली बसत होती. काकाजी ओसरीवर हात उताणे टाकून बसले होते. त्यांच्या तळव्यांवर खुंट्यांचे खड्डे उमटले होते. आईनं शेजारी हळदीची वाटी आणून ठेवली. मी बेंजो भिंतीकडे तोंड करून ठेवला. आत्याबाईला तेवढं बरं वाटलं नाही. जाता-येता ती तो पुन्हा सरळ करून ठेवायची.

उशिरा पिकणारं जड धान कापून झालं तेव्हा फत्तूजींकडून सोयरीक पक्की करायची सुपारी आली.

आता लपवू कशाला, लगीन झालं. सगुणा या घरात आली. कासाराला मुका करणारी ती पोरगी आज आत बसून तांदूळ निवडते आहे आणि मी जरा जास्त बोललो की नुसती खाकरते. या सगळ्या वर्षांत मी ही गोष्ट मंडईमंडईत सांगितली आहे. सांगता सांगता बेंजोच्या तारा वाढल्या, टाळ्या वाढल्या, एकदा तर फत्तूजी घोंगडीवर उभे राहून रडले. माणसं शेतात जे पिकवत नाहीत ते तोंडानं पिकवतात. मी तर आयुष्यभर दुबार पीक घेतलं. पण ती भीती मात्र मी कधी वाढवून सांगितली नाही. ती जेवढी होती तेवढीच पुरेशी होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच मंडईला फत्तूजी आमच्याकडे आले होते. जेवणं झाली, पान-सुपारी झाली. काकाजी त्यांच्या शेजारी बसले. हातांच्या तळव्यांवरचे डाग तोवर गेले होते, पण ते मुद्दाम तळवे वर करून बसले होते. वर्षभर पोटात ठेवलेला प्रश्न त्यांनी शेवटी विचारलाच.

"सोयरे, आता त सांगा. त्या दिवशी बेंजो कसा वाटला?"

फत्तूजींनी सुपारी गालात सरकवली.

"बेंजोचं मले काई समजत नाई," ते म्हणाले. "मी सकाडीच कोठ्यात जाऊन तुमचे बैल पाहून घेतले होते."